मॅक्रो तोच असतो, फाइलची अवस्था रोज बदलते

सेलूच्या एका दादांचा प्रश्न आहे. त्यांच्या जिनिंगमध्ये दोन वजनकाटे आणि एक ऑफिस असे तीन कॉम्प्युटर आहेत. प्रत्येक काट्यावर दिवसभराच्या कापसाच्या आवकेची एक्सेल फाइल तयार होते आणि संध्याकाळी ऑफिसातला मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम, या फाइली एकेक उघडून रोजची आवक एका फाइलीत जमा करतो. आठ-आठ दिवस नीट चालतं. मग एखाद्या संध्याकाळी 'परमिशन डिनाइड' येतं, कधी एरर १००४ येतो, कधी फाइल समोर दिसत असूनही सापडत नाही म्हणतो. दोनदा मॅक्रो नव्याने लिहून घेतला, तरी तेच. शेवटी कुणीतरी वर 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट', म्हणजे एरर आला तरी न थांबता पुढच्या ओळीवर जा, अशी आज्ञा टाकून दिली. आता एरर दिसत नाही, पण बेरीज जुळत नाही आणि मालक म्हणतात मॅक्रो बंद करा, वहीवर या.

दादा, आधी ती 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'ची ओळ काढा. आज रात्रीच काढा, बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल.

मी नांदेडला असते. गेली १४ वर्षं आडत दुकानं, जिनिंग, दालमिल यांची एक्सेलची कामं करते. लातूरकडच्या एका दालमिलमध्ये तुरीच्या हंगामात अगदी तुमच्यासारखीच मांडणी होती, आणि तिथेही हीच ओळ होती. एका संध्याकाळी काटा दोनची फाइल उघडली नाही. एरर गिळला गेला आणि मॅक्रो पुढच्या ओळीवर गेला. वजनाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मॅक्रो आकडा साठवतो त्या जागेत, काटा एकचा आकडा तसाच पडून होता, तोच पुन्हा एकदा मिळवला गेला. बेरीज कमी आली असती तर कुणाच्या तरी डोळ्यात खुपली असती. आली ती भरघोस, रोजच्यासारखी. तीन दिवसांनी एक शेतकरी हातात काट्याची चिठ्ठी घेऊन ऑफिसात आले. चिठ्ठीवर ट्रॅक्टरचं वजन होतं, आमच्या छापील यादीत त्यांचं नावच नव्हतं. ते शांतपणे उभे होते आणि मी यादीवरून बोट फिरवत होते. त्या दिवसापासून पैशाचा हिशोब असलेल्या मॅक्रोत ही ओळ मी राहू देत नाही. एरर आला तर काम थांबतं, एवढंच. एरर दडपला तर कुणाच्या तरी मालाचं वजन हरवतं.

आता मूळ गोष्ट. तुम्ही विचारलंय 'मॅक्रो कुठे चुकतोय', पण तुमच्या वर्णनावरून मॅक्रो चुकत नसावा. कोड चुकीचा असता तर रोज चुकला असता. आठ दिवस चालून नवव्या दिवशी अडतो, याचा अर्थ बदललंय ते कोडच्या बाहेरचं: फाइल त्या क्षणी दुसऱ्या कुणी धरून ठेवलीय, किंवा फाइलपर्यंतची वाट मोडलीय, किंवा नाव दिसायला तेच असून आतून वेगळं आहे. म्हणूनच दोनदा लिहून घेऊनही फरक पडला नाही. नेमकं यातलं कोणतं, हे तुमच्या जागेवर अवलंबून आहे. फाइली शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहेत की वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणूक), काट्याचं सॉफ्टवेअर स्वतः फाइल लिहितं की ऑपरेटर हाताने भरतो, नावं इंग्रजीत आहेत की मराठीत, यावर उत्तर फिरतं. मी ज्या क्रमाने शोधते तो सांगते, तुम्ही आपल्या जागेला लावून पाहा.

पहिलं काम दुरुस्तीचं नाहीच, नोंदीचं आहे. मॅक्रोच्या वर्कबुकात, म्हणजे एक्सेल फाइलीत, 'नोंद' नावाची एक शीट करा. फाइल उघडण्याच्या आधी तिचा पूर्ण पत्ता एका व्हेरिएबलमध्ये घ्या. 'ऑन एरर गोटू' लिहून एरर आल्यावर चार गोष्टी त्या शीटवर एका ओळीत लिहायला लावा: तारीख-वेळ, एरर क्रमांक, एररचं वर्णन, आणि तो पूर्ण पत्ता. नंतर मॅक्रोने थांबायचं आणि मोठ्या अक्षरात सांगायचं की अमुक काट्याची फाइल आलेली नाही, बेरीज अपुरी आहे. लोक मला स्क्रीनचे फोटो पाठवतात त्यात एररची पाटी असते, पण कोणत्या फाइलवर तो आला हे कधीच नसतं. आणि सगळं उत्तर त्या पत्त्यात असतं.

क्रमांकांकडे नीट पाहा, कारण ते एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. ५३ म्हणजे फोल्डर आहे, त्यात त्या नावाची फाइल नाही. ७६ म्हणजे वाटच नाही, मधलं एखादं फोल्डर किंवा ड्राइव्ह गायब आहे. ७० म्हणजे फाइल आहे, पण दुसऱ्याच्या ताब्यात आहे किंवा तुम्हाला हक्क नाही. ७५ अनेकदा येतो तो 'रीड-ओन्ली', म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या, फाइलवर लिहायला गेल्यावर, किंवा आधीच असलेलं फोल्डर 'एमकेडिर'ने पुन्हा बनवायला गेल्यावर. रोजच्या तारखेचं फोल्डर बनवणारा मॅक्रो त्याच दिवशी दुसऱ्यांदा चालवला की हा हमखास येतो. ५५ म्हणजे 'ओपन'ने उघडलेली टेक्स्ट फाइल 'क्लोज' न करता पुन्हा उघडायला गेलात. १००४ मात्र एक्सेलचा सर्वसाधारण क्रमांक आहे, त्यात दहा कारणं बसतात. त्याच्या बाबतीत आकडा सोडून खालचं वर्णन वाचायचं.

तुमच्या 'परमिशन डिनाइड'वर, म्हणजे ७० वर, थोडं थांबते, कारण माझ्या कामात सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्लाय.

मानवतच्या बाजूला एका जिनिंगमध्ये हा एरर फक्त संध्याकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान यायचा. सकाळी मी बसले की सगळं सुरळीत. शेवटी एक दिवस मुद्दाम संध्याकाळी गेले आणि काट्याच्या खोलीत स्टूलवर बसून राहिले. बाहेर गाड्यांची रांग, खिडकीतून सरकीचा वास, आणि ऑपरेटर पोरगा हातातलं काम संपवून फोल्डर उघडून बसलेला. फाइल बंद होती, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण फोल्डरच्या खिडकीत उजवीकडे 'प्रीव्ह्यू पेन' चालू होता. आजची फाइल कोणती हे बघायला त्याने नावावर फक्त एकदा क्लिक केलं होतं, आणि उजवीकडे फाइलचे रकाने दिसत होते. तेवढ्यानेही फाइल धरून ठेवली जाते. ऑल्ट आणि पी दाबून तो पेन बंद केला, ऑफिसात फोन करून मॅक्रो चालवायला सांगितला, आणि तो चालला.

फाइल कुणी धरलीय हे अंदाजाने शोधू नका. ज्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर शेअर केलंय, तिथे 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा, त्यात 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्याखाली 'ओपन फाइल्स'. नेटवर्कवरून कोणी कोणती फाइल उघडून बसलंय ते नावासकट दिसतं. त्याच कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमने धरली असेल तर 'रिसोर्स मॉनिटर'च्या सीपीयू टॅबवर 'असोसिएटेड हँडल्स'च्या रकान्यात फाइलचं नाव टाकून शोधा. बरेचदा तिथे एक्सेलच निघतं, खिडकी न दिसणारं. कुठल्या तरी प्रोग्रॅमने पार्श्वभूमीवर एक्सेल सुरू केलेलं असतं आणि काम झाल्यावर ते बंद केलेलं नसतं. 'टास्क मॅनेजर'मध्ये जाऊन ते बंद करता येतं, पण आधी ऑपरेटरला विचारा की त्याचं काही जतन करायचं राहिलंय का.

यावरचा कायमचा इलाज मात्र साधा आहे. तुमच्या मॅक्रोला काट्याच्या फाइलीत काही लिहायचं नाही, फक्त वाचायचंय. तर ती 'रीड-ओन्ली' म्हणूनच उघडा. 'वर्कबुक्स डॉट ओपन'ला तसं सांगायची सोय आहे, 'रीडओन्ली' बरोबर 'ट्रू'. एवढ्याने ऑपरेटरने फाइल उघडी ठेवली असली तरी बहुतेक वेळा तुमचं काम होतं, आणि उलट तुमच्या मॅक्रोमुळे त्याची अडचणही होत नाही. मात्र त्याने शेवटचं जतन केलं तिथपर्यंतचाच माल तुम्हाला दिसेल, हे लक्षात ठेवा. साडेसहाला शेवटचा ट्रॅक्टर भरला आणि त्याने सेव्ह केलं नाही, तर तो ट्रॅक्टर तुमच्या बेरजेत नाही. म्हणून फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळही मी यादीत छापते.

मॅक्रो आधी काट्याच्या फाइलची प्रत काढत असेल तर 'फाइलकॉपी' वापरू नका. उघड्या फाइलवर ती ७० देऊन मोकळी होते. 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट' ही फाइली-फोल्डर हाताळायची वेगळी सोय आहे, तिची 'कॉपीफाइल' एक्सेलमध्ये उघडी असलेली फाइलही बहुतेक वेळा उचलते.

उलटी बाजूही आहे आणि ती जास्त फसवी आहे. ज्या फाइलीत तुम्ही जमा करता ती मुख्य फाइल मालकांनी आपल्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवली असेल, आणि मॅक्रोत 'डिस्प्लेअलर्ट्स', म्हणजे एक्सेलच्या सूचना दाखवणं, बंद केलेलं असेल, तर एक्सेल कुरकुर न करता ती 'रीड-ओन्ली' उघडतं. सगळं नीट भरलं जातं आणि जतन करताना १००४ येतो. म्हणजे चूक पहिल्या पायरीवर आणि बोंब शेवटच्या पायरीवर. मुख्य फाइल उघडल्याबरोबर तिची 'रीडओन्ली' ही प्रॉपर्टी तपासा. ती 'ट्रू' असेल तर तिथेच थांबा आणि सांगा की फाइल दुसरीकडे उघडी आहे.

१००४ची आणखी दोन कारणं तुमच्या वर्णनात बसतात. एक, दोन्ही काट्यांच्या फाइलींचं नाव एकच आहे का? एक्सेल एकाच नावाची दोन वर्कबुकं एका वेळी उघडत नाही, फोल्डर वेगळं असलं तरी. आदल्या वेळी मॅक्रो अर्ध्यात अडून पहिली फाइल उघडी राहिली असेल, तर दुसरी उघडताना १००४ येणारच. म्हणून एरर आल्यावरच्या भागात उघडलेली वर्कबुकं बंद करायची ओळ हवीच. दुसरं कारण '~$' या चिन्हांनी सुरू होणारी फाइल. एक्सेल फाइल उघडली की शेजारी ही छोटी लपलेली फाइल तयार होते आणि बंद केल्यावर जाते. पण लाइट गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो आणि ती तिथेच राहते. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. मॅक्रो 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट'ने फोल्डरमधल्या सगळ्या फाइली घेत असेल तर लपलेलीही हातात येते, आणि ती वर्कबुक नसल्यामुळे उघडताना अडतो. नावाची पहिली दोन अक्षरं '~$' असतील तर ती फाइल सोडून द्या, ही एक ओळ पुरते.

आता लाइटीचाच दुसरा परिणाम. काट्याचा कॉम्प्युटर आणि ऑफिसचा कॉम्प्युटर एकदम बंद पडले आणि ऑफिसचा आधी सुरू झाला, तर झेड ड्राइव्हसारखा जोडलेला ड्राइव्ह लाल फुलीसह दिसतो. त्यावर एकदा क्लिक केलं की जागा होतो. म्हणून तुम्ही 'बघायला' गेलात की सगळं ठीक असतं आणि मॅक्रोला मात्र ५२ (फाइलचं नाव किंवा क्रमांक चुकीचा) किंवा ७६ येतो. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन उलट्या तिरक्या रेषांनी सुरू होणारा नेटवर्कचा पत्ता लिहा, म्हणजे कॉम्प्युटरचं नाव आणि शेअरचं नाव. अक्षर हे त्या त्या लॉगिनपुरतं असतं. मुनीमजींच्या लॉगिनला झेड असलेला ड्राइव्ह तुमच्या लॉगिनला नसेलही, आणि एक्सेल 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलंत तरी तो दिसेनासा होऊ शकतो.

वनड्राइव्ह असेल तर आणखी एक गाठ. नव्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या आत सरकवलेली असतात, त्यामुळे कोडमध्ये लिहून ठेवलेला डेस्कटॉपचा जुना पत्ता ७६ देतो. आणि मॅक्रोचं वर्कबुकच त्या फोल्डरमध्ये असेल तर 'धिसवर्कबुक डॉट पाथ', म्हणजे हे वर्कबुक कुठे आहे ते सांगणारी सोय, तुम्हाला सी ड्राइव्हचा पत्ता न देता वेबसाइटसारखा एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता देऊ शकतं. फाइल आहे का ते पाहणाऱ्या 'डिर' या आज्ञेला तो कळत नाही. काट्याच्या फाइलींसाठी मी वनड्राइव्ह वापरत नाही, सी ड्राइव्हवर सरळ एक फोल्डर करून तेच शेअर करते.

'फाइल समोर दिसते तरी सापडत नाही', यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हा त्रास मराठीत काम करणाऱ्याला जास्त होतो आणि त्याची माहिती सहसा मिळत नाही. तुमच्या फाइलींची नावं 'कापूस' किंवा 'सोयाबीन' अशी देवनागरीत असतील तर व्हीबीएच्या (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्या) जुन्या आज्ञा, म्हणजे 'डिर', फाइल पुसणारी 'किल', 'फाइलकॉपी', 'एमकेडिर' आणि टेक्स्ट फाइलची 'ओपन', त्यांना ती वाचता येत नाहीत. या आज्ञा युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या काळातल्या आहेत. त्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात. 'सोयाबीन'मध्ये काना, मात्रा, वेलांटी धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे सात प्रश्नचिन्हं. आणि प्रश्नचिन्ह हे 'डिर'साठी वाइल्डकार्ड आहे, 'इथे कोणतंही अक्षर चालेल' असा त्याचा अर्थ. म्हणजे 'डिर' कधी रिकामं उत्तर देतं, कधी भलत्याच फाइलला 'आहे' म्हणतं, आणि परत मिळालेलं प्रश्नचिन्हांचं नाव 'वर्कबुक्स डॉट ओपन'ला दिलं की १००४. 'किल'सुद्धा प्रश्नचिन्हाला वाइल्डकार्डच मानते. त्यामुळे देवनागरी नावाच्या फाइली असलेल्या फोल्डरमध्ये 'किल' मी कधीच चालवत नाही, आणि तुम्हीही चालवू नका, ही कळकळीची विनंती आहे.

याचा अर्थ नावं इंग्रजीतच ठेवा असं मी म्हणत नाही. आपल्या माणसांना आपल्या लिपीतली नावं वाचता यावीत, असंच मला वाटतं. 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट'ला देवनागरी नीट कळते, 'वर्कबुक्स डॉट ओपन'लाही कळते. अडचण व्हीबीएच्या एडिटरची आहे, तिथे देवनागरी टाइप केली की तिचीही प्रश्नचिन्हं होतात. म्हणून नावं कोडमध्ये लिहूच नका. एका शीटवर लिहा आणि मॅक्रोला त्या सेलमधून वाचायला सांगा. सेलमध्ये देवनागरी सुखरूप असते.

एवढं करूनही एका आडतीत ५३ सुटेना. नाव होतं 'दुसऱ्या काट्याची आवक'. सेलमधलं आणि फोल्डरमधलं नाव मी पडद्यावर मोठं करून शेजारी-शेजारी ठेवलं, तसूभर फरक नाही. मग दोन्हींची अक्षरसंख्या 'लेन'ने मोजली. एक २०, दुसरं २१. 'ऱ्या' हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. काट्यावरचा पोरगा फोनवर टाइप करून नाव पाठवायचा आणि ऑफिसात ते वेगळ्या कीबोर्डने टाइप व्हायचं. तेव्हापासून नाव पुन्हा टाइप करायचं नाही, फोल्डरमधूनच कॉपी करून सेलमध्ये डकवायचं, असा नियम मी घालून दिला. तुमच्याकडेही 'लेन' लावून पाहा. नावाच्या शेवटी राहून गेलेली मोकळी जागासुद्धा त्यातच पकडली जाते.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात सांगते. मॅक्रोची फाइल कुणी व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवून घेतली असेल आणि उघडल्यावर लाल पट्टी येऊन मॅक्रो चालतच नसेल, तर तो या सगळ्यापासून वेगळा विषय आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज तशी खूण ठेवतं आणि २०२२ पासून एक्सेल अशा फाइलीतले मॅक्रो आपोआप अडवतं. फाइल आपल्याच माणसाची असल्याची खात्री करून तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'वर टिक करा. सेटिंगमध्ये जाऊन सगळेच मॅक्रो मोकळे करू नका. त्या कॉम्प्युटरवर बँकेचंही काम होतं.

राहिला पुन्हा प्रयत्न करण्याचा मुद्दा. काट्याचं सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी फाइल लिहीत असेल, तर त्या दोन-तीन सेकंदांत तुमचा मॅक्रो गेला की ७० येणार आणि त्यात कुणाचीच चूक नाही. अशा ठिकाणी मी मॅक्रोला दोन-दोन सेकंद थांबून तीनदा प्रयत्न करायला लावते. पण फक्त ७० साठी. ५३ किंवा ७६ वर कितीही वेळ थांबलात तरी नसलेली फाइल येणार नाही.

ती ओळ आज रात्रीच काढा, आणि उद्या इतकंच करा: 'नोंद' शीट लावा, काट्याच्या फाइली 'रीड-ओन्ली' उघडा. मॅक्रो दुसऱ्यांदा लिहून घेतला तो जुना मजकूर फेकू नका, त्यात बदल फार थोडे लागतील. आठवडाभराने 'नोंद' शीटवर ज्या ओळी जमतील, त्यातली वेळ, क्रमांक आणि पूर्ण पत्ता मला पाठवा. आणि तोपर्यंत मालकांना सांगा, संध्याकाळी बेरीज छापण्याआधी दोन्ही काट्यांच्या गाड्यांची संख्या ऑपरेटरकडून फोनवर विचारून घ्या आणि कागदावरच्या ओळींशी जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण शेतकऱ्याला आपली चिठ्ठी घेऊन परत यावं लागणार नाही.